छात्रसेना : मानवंदना आणि नेतृत्व

(अकोला येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



महाविद्यालयांतील लष्करी शिक्षण हा विषय आपल्या अभ्यासवर्गात सहसा निघत नाही. गणवेश दिसला की आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडतात आणि सैन्य हा विषय आपण खुशाल उजव्यांच्या हवाली करून मोकळे होतो. परंतु अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्रसेनेत नाव घालणाऱ्या मुलामुलींत कोरडवाहू शेतकऱ्यांची व शेतमजुरांची लेकरे पुष्कळ आहेत. त्यांच्या पदरात तीन वर्षांनी काय पडते, हे विचारणे आपले काम आहे.

प्रथम परंपरेविषयी बोलतो, कारण तिचे नाव घेऊनच हल्ली बरेच काही खपवले जाते. वऱ्हाडची शरीरशिक्षणाची परंपरा खरोखरच मोठी आहे. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीस श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. त्याचे पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. तिथे हिटलरचे राज्य होते. पण आपल्या मुलांनी दाखवला तो मलखांब आणि कबड्डी. हुतात्मा राजगुरूही या आखाड्यात घडले. या परंपरेत वस्तादाच्या शब्दाला मान होता. परंतु आज शिकणारा उद्या धाकट्यांना शिकवी. हुकूम पाळणे आणि पुढाकार घेणे या दोन्ही गोष्टी तो एकाच मातीत शिके.

अकोल्यात तर हे आजही दिसते. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी राजराजेश्वराच्या देवळात आणणाऱ्या कावडी पाहा. धर्मभावनेचा भाग बाजूला ठेवू. रात्रभर चालत, खांदे बदलत एवढा भार आणायचा म्हणजे कोणी कुठे खांदा द्यायचा, थकल्याला केव्हा मोकळे करायचे, हे पोरांचे पोरेच ठरवतात. त्यांना कोणी सुभेदार लागत नाही.

आता छात्रसेनेकडे वळू. इंग्रजांनी १९१७ साली विद्यापीठांतून लष्करी शिक्षण सुरू केले. स्वातंत्र्याच्या तोंडावर पंडित हृदयनाथ कुंझरू यांची समिती नेमली गेली आणि १९४८ साली कायदा होऊन छात्रसेना उभी राहिली. तिच्या मूळ उद्दिष्टांत एक स्पष्ट होते : संकटकाळी सैन्य वाढवावे लागले तर संभाव्य अधिकाऱ्यांची राखीव फळी देशात तयार असावी. जवानांची नव्हे, अधिकाऱ्यांची! चीनच्या आक्रमणानंतर १९६३ साली छात्रसेना सक्तीची झाली, १९६८ नंतर पुन्हा ऐच्छिक. या सगळ्यात ते उद्दिष्ट कागदावर मागे पडले आणि मैदानावर उरली ती मानवंदना. पाहुणे दोन तास उशिरा येणार आणि मुले उन्हात सावधान उभी राहणार, यालाच आपल्या पुष्कळ संस्थाचालकांनी परंपरा हे नाव दिले आहे.

छात्रसेनेच्या ‘सी’ प्रमाणपत्राने दोन दारे उघडतात. एक, जवानांच्या भरतीत मिळणारा फायदा. हे दार सर्वांना ठाऊक आहे. पहाटे आपल्या गावांच्या रस्त्यांवर धावणारी पोरे त्याच दाराकडे धावतात. २०२२ च्या अग्निपथ योजनेने ते दार चार वर्षांचे केले. त्यानंतर फार तर पंचवीस टक्के जवान सेवेत राहणार आणि उरलेले पुन्हा कोरडवाहू शिवारात. दुसरे दार अधिकारीपदाचे. ‘सी’ प्रमाणपत्रात किमान ‘बी’ श्रेणी मिळवणाऱ्या पदवीधरास लेखी परीक्षेविना थेट निवड मंडळापुढे जाता येते. जागा मोजक्या आहेत हे खरे. पण हे दार असल्याचेच आपल्याकडील कितीतरी छात्रांना कोणी सांगत नाही.

या निवड मंडळाचा इतिहास समाजवाद्यांनी मुद्दाम वाचावा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांना अधिकारी अपुरे पडू लागले. तोवर शाळा, घराणे आणि बोलण्याची ढब पाहून थोड्या वेळात माणूस पारखला जाई. १९४२ साली त्यांनी ती रीत टाकून मानसशास्त्रीय कसोट्या व गटात करायची कामे आणली. वर्षभरात ती पद्धत हिंदुस्थानात आली. म्हणजे वर्गीय मिरासदारीला शह देणारी ही पद्धत. आणि गंमत अशी, की तिच्यासमोर आपला मुलगा अडतो तो पुन्हा इंग्रजीपाशी आणि सफाईदार बोलण्यापाशी. ओंडके आणि दोर देऊन खड्डा ओलांडायला सांगितले तर कावड आणणारा पोरगा मागे राहील, असे मला वाटत नाही. तो मागे राहतो गटचर्चेत, कारण तीन वर्षांत वर्गात त्याला कोणी तोंडच उघडू दिलेले नसते.

आपण अहिंसावादी, मग अधिकारी घडवण्याची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. सैन्य राहणारच आहे. त्यात हुकूम कोणी द्यायचा आणि कोणी झेलायचा हा समाजरचनेचा प्रश्न आहे. इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’ ठरवून १८९० नंतरच्या दशकात महारांची भरती बंद केली. १९१७ साली गरज पडली तेव्हा पलटण उभारली, १९२१ साली मोडली. बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. स्त्रियांना तर कायम कमिशनसाठी २०२० साली सर्वोच्च न्यायालयातून निकाल आणावा लागला. आपण एस. एम. जोशींच्या राष्ट्र सेवा दलाचे वारसदार. १९४१ पासून त्या शाखांवर कवायत आणि बौद्धिक शेजारी शेजारी चालले, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

अडचण अध्यापकांपासून सुरू होते. छात्रसेना चालवणाऱ्या प्राध्यापकाचे प्रशिक्षण आपल्या विदर्भातच, कामठीस होते. परंतु पदे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावर महाविद्यालये चालवायची, तर ज्याला पुढल्या जूनची शाश्वती नाही तो तीन वर्षांचा छात्र कसा घडवणार? प्राध्यापक भरतीच्या आपल्या मागणीत हा मुद्दा घातला पाहिजे.

निवड मंडळाच्या तयारीसाठी राज्य शासनाचे मोफत केंद्र नाशिकरोडला आहे. तसे एक केंद्र अमरावतीस मागावे. छात्रसेनेचे गट मुख्यालय तिथे आहेच. आणि तोवर आपल्या कार्यालयात रविवारी सकाळी दहा-बारा छात्रांना बसवून गटचर्चा घ्यावी. विषय कापसाच्या भावाचा घ्या, अग्निपथाचा घ्या, आरक्षणाचा घ्या. आधी मराठीत भांडू द्या, महिन्याभराने इंग्रजीत. मुलींना पहिल्या दिवसापासून बोलवा. सतरंजी आणि चहा यापलीकडे त्याला खर्च नाही.