गाव पाण्याखाली, नाव तालुक्याला





आंबेगाव तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं, ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. नाव मात्र तालुक्याला आहे, विधानसभा मतदारसंघालाही आहे. आपल्या नेटवर्कच्या धंद्यातही असंच एक बुडालेलं गाव आहे: इंटरनेट पत्त्यांचे क्लास ए, बी आणि सी. ते बुडालं १९९३ साली. तरी त्यानंतर जन्मलेली पोरंसुद्धा २५५.२५५.२५५.० हा मास्क दिसला की बिनधास्त ‘क्लास सी’ म्हणतात. नाव टिकलं याबद्दल माझी तक्रार नाही. जुन्या गावाच्या शिवा अजून लागू आहेत असं समजून आपण वागतो, तिथे माझी हरकत आहे.

सप्टेंबर १९८१च्या आरएफसी ७९१ने ३२ बिटांच्या पत्त्याची वाटणी ठरवली. पहिला बिट शून्य असेल तर क्लास ए. सुरुवात १० अशी असेल तर बी. ११० असेल तर सी. आकडा पाहिला की नेटवर्क कुठे संपतं ते कळायचं, मास्क वेगळा सांगावाच लागत नसे. या योजनेला आज नावं ठेवणं सोपं आहे, पण त्या वेळच्या राउटरांची तुटपुंजी मेमरी पाहता ती हुशारीचीच होती. अडचण मापांची होती. ए म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते, बी म्हणजे ६५,५३६, सी म्हणजे २५६. अधलंमधलं काही नाही. तीनशे संगणकांच्या कॉलेजाने सी घ्यावा तर अपुरा, बी घ्यावा तर पासष्ट हजार पत्ते पडीक. तिकडे फोर्ड मोटार कंपनीच्या नावावर १९ने सुरू होणारा अख्खा ए ब्लॉक लागला.

खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आपल्या शेजारची, म्हणून वर्गात मी तिच्यावर एक गणित घालतो. दुर्बिणीला ३० अँटेना. प्रत्येकीला एक पत्ता द्यायचा, तर मास्क कोणता? मुलं लगेच ओरडतात, २५५.२५५.२५५.२२४, कारण त्यात वापरण्याजोगे पत्ते बरोबर ३०. मग मी विचारतो, गेटवे कुठे बसवणार? वर्ग गप्प. शेवटी १९२वर, म्हणजे ६२ पत्त्यांवर यावं लागतं. (खोडदला प्रत्यक्षात काय केलंय, याच्याशी या गणिताचा संबंध नाही.) मास्क हा असा गरज मोजून ठरवायचा असतो. पत्त्याचा पहिला आकडा पाहून तो ठरत नाही. १९८५च्या आरएफसी ९५०ने नेटवर्कच्या आतल्या आत पोटहिस्से पाडायची मुभा दिली आणि १९९३च्या सीआयडीआरने वर्गांची शीवच पुसली.

पुसली खरी, पण विंडोजच्या खिडकीत ती अजून उगवते. समजा, मंचरच्या एखाद्या पतसंस्थेत १०.२०.३ने सुरू होणारे पत्ते आहेत आणि घोडेगाव शाखेत १०.२०.७ने. नवा संगणक बसवणारा पोरगा १०.२०.३.१५ टाइप करतो, टॅब दाबतो, आणि मास्कच्या रकान्यात २५५.०.०.० आपोआप येऊन बसतं. का? तर १०चा पत्ता एके काळी क्लास ए होता म्हणून! पोरगा ‘ओके’ करतो. इंटरनेट चालतं, शेजारचा प्रिंटर चालतो. फक्त घोडेगावचा सर्व्हर सापडत नाही. कारण हा संगणक घोडेगावला आपल्याच खोलीत समजून हाका मारत बसतो, गेटवेकडे जातच नाही. मग केबल बदला, स्विच बदला, सेवादाराला शिव्या घाला. रकान्याकडे कुणी बघत नाही, कारण तो संगणकाने भरलाय ना!

पत्त्यांचा दुष्काळ निव्वळ या वर्गांमुळे पडला असंही मी म्हणणार नाही. ३२ बिटांचे सव्वाचार अब्ज पत्ते जगाला कधीतरी अपुरे पडणारच होते. पण उशिरा आलेल्यांच्या वाट्याला काय उरलं ते पाहा. १५ एप्रिल २०११ रोजी आशिया-पॅसिफिकमध्ये पत्ते वाटणारी एपीनिक ही संस्था आपल्या शेवटच्या, १०३ने सुरू होणाऱ्या ब्लॉकवर आली. त्यानंतर नव्या सेवादाराला त्यातून फार तर १,०२४ पत्ते मिळू लागले. भारतातल्या बऱ्याच छोट्या सेवादारांचे पत्ते १०३ने सुरू होतात, ते त्यामुळे.

क्लासचा धडा पुस्तकातून काढा असं मी म्हणत नाही. तो इतिहास म्हणून शिकवा, आणि परीक्षेतला ‘या पत्त्याचा डिफॉल्ट मास्क लिहा’ हा प्रश्न बंद करा. त्याऐवजी नुसता १०.२०.३.१५ द्या आणि विचारा, हा कोणत्या नेटवर्कमधला? जो विद्यार्थी ‘मास्क दिल्याशिवाय सांगता येत नाही’ असं लिहील, त्याला पूर्ण गुण. आपल्या तालुक्यातल्या संगणक वर्गांनी या वर्षापासून हे करावं, असा ठराव मी मांडतो. अनुमोदन द्यायला केबलवाल्यांपैकी कुणीतरी उठावं. रात्री-अपरात्री शाखेत जाऊन तो रकाना दुरुस्त करायची वेळ त्यांच्यावरच येते.