निर्दोष सुटका झाल्यानंतर



पेडण्याहून म्हापशाकडे जाताना कोलवाळ लागते. तेथील मध्यवर्ती कारागृहात असलेला प्रत्येक जण गुन्हेगारच, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. २०२२ च्या अखेरीस देशभरातील तुरुंगांत दर चार बंद्यांपैकी सुमारे तिघे कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांच्यावरील आरोप अद्याप सिद्ध व्हावयाचा होता. त्यांतील जे पुढे निर्दोष ठरतात, त्यांच्या वाट्याला काय येते, याविषयी आज मला बोलावयाचे आहे.

शेजारच्या महाराष्ट्रातील एक प्रकरण घ्या. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात दरोडा, बलात्कार आणि पाच जणांची हत्या, असा भीषण गुन्हा घडला. भटक्या जमातींतील सहा गरीब माणसांना त्यात पकडण्यात आले. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. २००७ साली उच्च न्यायालयाने तिघांना जन्मठेप दिली. परंतु २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच ठरविली. पुढे त्याच न्यायालयाने आपला निर्णय मागे घेऊन फेरसुनावणी केली आणि ५ मार्च २०१९ रोजी सर्वांना निर्दोष सोडले. गुन्ह्यातून वाचलेल्या स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून ओळखलेले चौघे निराळेच होते. त्यांच्याविषयी तपासच झाला नव्हता. सुटलेल्यांपैकी एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता!

सोळा वर्षे गेली. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. हिशेब केला तर दिवसाला सुमारे ८५ रुपये पडतात. एवढ्या रोजावर आपल्या बागायतीत कोणी मजूर येणार नाही. आणि येथे तर त्यांतील बरीच वर्षे रोज फाशीच्या भीतीत काढलेली होती.

ही माणसे भटकी नसती तर? हा प्रश्न मला टाळता येत नाही. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. तरी तशा संशयाची सवय आपल्या गावांतही आहे. देवस्थानची फंडपेटी फुटली की पहिली नजर परगावाहून आलेल्या मजुराकडे वळते. चौकशीसाठी नुसते ठाण्यावर बोलावले तरी दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलाला शाळेत ‘चोराचा मुलगा’ म्हणून हाक पडते. त्या वेळी वर्गात उभा असलेला शिक्षक काय करतो, याला न्यायालयाच्या निकालाइतकेच मोल आहे, असे मी मानतो. ठरलेली सोयरीक मोडते, वकिलाच्या खर्चापायी जमिनीचा तुकडा गहाण पडतो, घरातली म्हातारी माणसे देवळात जाण्याचे टाळू लागतात. अटकेची बातमी गावभर होते. सुटकेची बातमी त्याची त्यालाच सांगत फिरावे लागते.

शासकीय सेवकाची गोष्ट आणखी वेगळी. अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ कोठडीत राहिलेला कर्मचारी नियमानुसार निलंबित समजला जातो. नियमामागील हेतू समजण्याजोगा आहे. तथापि निर्दोष ठरल्यावर त्याच्या सेवेचा व थकलेल्या वेतनाचा कागद महिनोन्महिने टेबलावर पडून राहावा, याला कोणताही नियम कारण नाही. अधिकारी बंधूंनी हे लक्षात घ्यावे.

नुकसानभरपाईच्या बाबतीत आपला कायदा तोकडा आहे. पुरेशा कारणाविना अटक करविणाऱ्याकडून दंडाधिकारी जी भरपाई देववू शकतो, तिची मर्यादा एक हजार रुपये आहे. २०१८ साली विधी आयोगाने चुकीच्या खटल्यांसाठी स्वतंत्र भरपाईची तरतूद सुचविली; परंतु तसा कायदा झालेला नाही.

म्हणून आरंभीच सावध असावे. अटक झालेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केलेच पाहिजे. अटकेचे कारण त्याला व त्याच्या आप्तांना कळविले पाहिजे. कोठडीतील कोणत्याही व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये विनामूल्य वकील मिळू शकतो. आप्तांनी याकरिता पेडणे किंवा डिचोली येथील न्यायालयात चौकशी करावी. आणि ज्यांना अर्ज लिहिता येत नाही, त्यांना तो गावातील शिक्षकाने लिहून द्यावा.