मुद्रा आणि मानचिन्ह

राजमुद्रा म्हटली की सिंह, हत्ती, ढाल-तलवार असे काही चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु श्रोतेहो, मराठी मनाला जिचा सर्वांत अधिक अभिमान, त्या मुद्रेवर चित्रच नाही. शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा निव्वळ अक्षरांची आहे. शहाजीराजे व जिजाबाई यांच्या मुद्रा फारसीत होत्या. पुत्राची संस्कृतात कोरली गेली. रांझे गावच्या पाटलासंबंधीच्या १६४६ सालच्या पत्रावर ती उमटलेली आहे. प्रतिपदेच्या चंद्राप्रमाणे वाढत जाणारी, शहाजीपुत्र शिवाजीची ही जगद्वंद्य मुद्रा कल्याणासाठी शोभते, असा तिचा आशय. चंद्रकोर तीत आहे, पण ती शब्दांत आहे.

इंग्लंडच्या राजमुद्रेच्या एका अंगास सिंहासनस्थ राजा व दुसऱ्या अंगास घोड्यावरचा राजा दिसे. तेथे ठसा मेणावर उठावयाचा, आणि मेणात आकृतीला उठाव येतो. आपल्याकडे शाई व कागद. अक्षरांना मान मिळाला त्याचे हेही एक कारण असावे. कारागिराने ती उलटी कोरावी, तेव्हा कागदावर सुलटी उमटावीत. शिवाय पत्राच्या अखेरीस मोर्तबाचा लहान शिक्का असे. येथे मर्यादा शोभते, एवढेच तो सांगे. त्याच्यापुढे कोणी एक अक्षरही घुसडू नये! ‘शिक्कामोर्तब’ हा आपला नित्याचा शब्द याच व्यवहारातला.

मुद्रेत नाव कोणाचे, याला फार मोल होते. पेशव्यांच्या मुद्रेत आधी छत्रपतींचे नाव येई, मग मुख्य प्रधानाचे. कारभार पुण्यास चाले हे सर्वांस ठाऊक होते. तरी त्या कारभाराला आधार साताऱ्याच्या नावाचा.

चित्रांची मानचिन्हे आपल्या संस्थानांत रुजली ती निराळ्या वाटेने. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे घोषित झाले. त्या प्रसंगी संस्थानिकांना रेशमी निशाणे देण्यात आली. त्यांवरील चिन्हे युरोपीय ढालींच्या धर्तीवर रचली होती बंगालच्या मुलकी सेवेतील रॉबर्ट टेलर या अधिकाऱ्याने. घराण्याची मूळकथा, प्रदेशाचे वैशिष्ट्य, इंग्रजांशी आलेला संबंध, अशांतून त्याने चित्रे योजिली. पूर्वजावर नागाने फणा धरल्याची आख्यायिका शिंद्यांच्या घराण्यात आहे. त्यांच्या मानचिन्हात नाग दिसतो तो त्यामुळे. म्हणजे कथा घरची, ढाल मात्र परकी.

निशाण देताना व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी सांगितले, की हे जेव्हा जेव्हा उलगडले जाईल तेव्हा तेव्हा इंग्लंडच्या सिंहासनाशी असलेल्या निकट नात्याची आठवण व्हावी. तेथे हैदराबादचे दहा वर्षांचे निजाम होते, आणि बडोद्याचे बालवयीन सयाजीरावही. त्याच सरकारने १८७५ साली मल्हाररावांना गादीवरून दूर करून सयाजीरावांना तेथे बसविले होते. आठवण कशाची करावयाची, हे बडोदेकरांना निराळे सांगावयास नको होते.

निशाणे सुंदर होती, पण त्यांचे पितळी दांडे इतके जड, की एकट्या माणसाच्याने ती पेलवत नसत.