प्रमाणश्रुती आणि भजनातील संवाद
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



पाठशाळेत आम्हांस श्रुती म्हणजे वेद असे शिकविले जाते. संगीतशास्त्रात श्रुती म्हणजे कानास वेगळा म्हणून कळणारा सूक्ष्म नाद. दोन्हींचे मूळ श्रवणच आहे. पांढुर्णा-सौंसरकडील आपल्या भजनांत पेटी पुढे बसते आणि तंबोरा कोपऱ्यात राहतो. म्हणून या सूक्ष्म नादाविषयी दोन शब्द बोलावेसे वाटतात.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्या व त्यांच्या सिद्धीसाठी दोन समान वीणांचा प्रयोग दिला. दोन्ही वीणा सारख्या लावाव्यात. मग एकीचा पंचम इतकाच उतरवावा की तो षड्जग्रामाचा न राहता मध्यमग्रामाचा व्हावा. या उताराचे नाव प्रमाणश्रुती. मुनींनी येथे अपूर्णांक दिला नाही. निवाडा कानावर सोपविला. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात बावीस तारांची वीणा सांगितली. पुढे १९१० साली कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या संशोधनास अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचे साह्य लाभले होते.

आता थोडे गणित. षड्जाची सेकंदास २४० आंदोलने धरा. षड्ज-पंचम संवादाने सा, प, रे, ध अशा पायऱ्यांनी गांधारास पोचलो, तर त्याची आंदोलने ३०३.७५ येतात. परंतु तंबोऱ्याचा खर्ज नीट जुळला म्हणजे त्यातून आपोआप जो स्वयंभू गांधार उमटतो, तो मध्य सप्तकात आणल्यास ३०० भरतो. या दोहोंचे प्रमाण ८१ : ८०, अर्वाचीन अभ्यासक प्रमाणश्रुतीचे मापही हेच मानतात. दोन्ही गांधार एकदम वाजविले तर नादात सेकंदास पावणेचार हेलकावे येतात. ते मोजण्यास यंत्र नको. शांत बसलेल्या बालकासही ते ऐकू येतात.

आजच्या बहुतेक पेट्यांत कोणत्याही पट्टीस षड्ज मानता यावा म्हणून सप्तक बारा समान भागांत वाटलेले असते. त्यामुळे तिचा गांधार सुमारे ३०२.४ वर पडतो. म्हणजे तंबोऱ्याच्या गांधाराहून चढा. गळा तंबोऱ्याकडे ओढतो, पेटी आपल्याकडे ओढते.

कोणी म्हणेल, देव भावाचा भुकेला आहे, त्यास श्रुतींचा हिशेब कशाला? हे खरेच आहे. एकट्याने घरी नाम घेणाऱ्यास हा हिशेब लागू नाही. परंतु भजन समुदायाचे असते. शंभर कंठ एकत्र यावयाचे तर प्रत्येकाने दुसऱ्याचे ऐकले पाहिजे. शास्त्रात जुळणाऱ्या स्वरांच्या नात्यास संवाद म्हणतात, आणि आपण मनुष्यांच्या बोलण्यासही तोच शब्द योजतो. जो शेजाऱ्याच्या स्वरासाठी आपला स्वर किंचित उतरवितो, त्याने अहंकारही तेवढाच उतरविला, असे मी समजतो.

पेटी टाकून द्यावी असे माझे म्हणणे नाही. खेड्यापाड्यांतील भजनी मंडळांस तिने मोठा आधार दिला आहे. माझी प्रार्थना इतकीच की, काकड आरतीपूर्वी तंबोरा प्रथम जुळवावा, सर्वांनी घटकाभर मौन धरून त्यातील गांधार ऐकावा, त्यावर आपला स्वर लावावा आणि मगच पेटीचा भाता हलवावा. मठातील मुलांना हे श्रवण आज लाभले, तर ती विद्या पुढल्या पिढीस केवळ पोथीत शोधावी लागणार नाही.

इति शम्।