परमुलखातील माहेर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी मी थोडा गंभीर विषय काढणार आहे, त्याचा कोणी राग मानू नये. हळदीकुंकू, मंगळागौर, पाककृतींच्या स्पर्धा हे सारे हवेच. परंतु ज्या मंडळाच्या सतरंजीवर बसून बाईला आपले दुःख बोलता येत नाही, ते मंडळ अर्धेच, असे मला वाटते.

आपल्यापैकी कित्येकींच्या लेकी, भाच्या, पुतण्या आज इंग्लंड-अमेरिकेत नांदत आहेत. बहुतेकींचे छान चालले आहे आणि तसेच चालो. पण जिचे नीट चालत नाही, तिचे काय? येथे सोलापुरात घरात भांडण झाले तर भिंतीपलीकडे शेजारीण ऐकते, आणि माहेर एस. टी.च्या अंतरावर असते. तेथे दारे-खिडक्या बंद, भाषा परकी, आणि त्या देशात राहण्याचा परवानाच नवऱ्याच्या परवान्याला बांधलेला. अमेरिकेत नोकरीच्या परवान्यावर गेलेल्यांच्या पत्नींना पूर्वी कामच करता येत नसे. 2015 पासून त्यांतील काहींना ती मुभा मिळाली. हातात पैसा नाही, जवळ माणूस नाही, आणि घर सोडले तर देशही सोडावा लागेल ही धास्ती. मारापेक्षा ही धास्तीच बाईला अधिक गप्प बसवते.

अशा बायकांसाठी परमुलखात ज्यांनी दार उघडले, त्या बायकांची ओळख आज करून द्यायची आहे.

लंडनच्या साउथॉल भागात पंजाबी वस्ती मोठी. तेथे 1979 साली आशियाई आणि आफ्रिकी-कॅरिबियन वंशाच्या काही स्त्रियांनी ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ ही संस्था काढली. गोऱ्यांच्या वर्णद्वेषाशी झगडा होताच. पण घरातल्या जुलमाबद्दलही बोलायचे, असे त्यांनी ठरवले. 1982 साली प्रज्ञा पटेल नावाची तरुण मुलगी त्यांना येऊन मिळाली. ती जन्मली केनियात, घराणे गुजराती. पुढे 2022 पर्यंत तिने हे काम नेटाने चालवले.

किरणजित अहलुवालिया हिचे प्रकरण तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. दहा वर्षे छळ सोसून 1989 साली तिने नवऱ्याला पेटवले, तो मेला, आणि तिला जन्मठेप झाली. तिने केले ते बरोबर होते असे कोणी म्हणत नाही. पण त्या दहा वर्षांचा हिशेब न्यायालयापुढे आलाच नव्हता. साउथॉलच्या बायकांनी तो मांडण्यासाठी रान उठवले. 1992 साली अपील न्यायालयाने खुनाची शिक्षा रद्द केली आणि ती सुटली. मला यातून एकच विचारावेसे वाटते: पहिल्या वर्षीच तिचे ऐकणारे कोणी भेटते, तर दोन जीव वाचले नसते काय?

अमेरिकेतही असेच घडले. न्यू जर्सीत 1985 साली सहा भारतीय बायकांनी ‘मानवी’ ही संस्था काढली. शमिता दास दासगुप्ता त्यांतील एक. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी त्या देशात निघालेली ही पहिलीच संस्था. न्यूयॉर्कमध्ये 1989 साली अनन्या भट्टाचारजी, मल्लिका दत्त, तुला गोएंका, गीतांजली मिश्रा आणि रोमिता शेट्टी या पाचजणींनी ‘सखी’ सुरू केली. नावे पाहा: मानवी, सखी! आपल्याच घरातले शब्द. पण दार मात्र साऱ्यांना उघडे. भारतातली, पाकिस्तानातली, बांगलादेशची, नेपाळची, श्रीलंकेची, कोणीही यावे. जात, धर्म, देश नंतर. आधी पाणी दे, बसायला दे.

आपल्या लोकांची मंडळे तेथे आधीपासून होती. लंडनचे महाराष्ट्र मंडळ तर 1932 सालचे. गणपती, दिवाळी, नाटके यांनी परदेशातला एकटेपणा पुष्कळ कमी होतो. पण जेथे सगळेच एकमेकांना ओळखतात आणि नवऱ्याचाही मान असतो, तेथे बाई तोंड कसे उघडणार? म्हणून वेगळे ठिकाण लागले. ‘तुम्ही समाजाची बदनामी करता’ असे बोल या बायकांना आपल्याच लोकांकडून ऐकावे लागले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि फोन उचलणे चालू ठेवले.

हे काम दिसते कसे? फोन वाजतो. पहिला प्रश्न: ‘आत्ता बोलणे तुम्हाला सुरक्षित आहे ना?’ मग ऐकायचे. घर सोड किंवा राहा, असे कार्यकर्तीने सांगायचे नाही. निर्णय त्या बाईचा. तिला ठाऊक करून द्यायचे की कायदा काय म्हणतो, पासपोर्ट आणि लग्नाचे कागद कोठे ठेवावे, रात्री निघावे लागले तर कोठे जावे. दवाखान्यात, कोर्टात तिच्या भाषेची बाई सोबत द्यायची. दुभाष्या म्हणून नवराच उभा राहिला तर खरे कसे बाहेर येणार? आणि लहान मुलाला आईचे दुःख परक्या भाषेत सांगायला लावणे हे तर पापच.

कधी एका बाईची अडचण साऱ्यांचा कायदा बदलून जाते. इंग्लंडमध्ये नवऱ्याच्या आधारावर आलेल्या बाईला सरकारी मदत नाही, आणि निवाऱ्याचे भाडे त्या मदतीतूनच भरायचे; म्हणून निवारेही तिला घेईनात. साउथॉलच्या बायकांनी वर्षानुवर्षे सरकारचे दार ठोठावले. 2002 साली छळ सोसलेल्या पत्नीला तेथे कायम राहू देण्याचा नियम झाला. 2012 पासून, अर्जाचा निकाल लागेपर्यंत तिला सरकारी मदतही मिळू लागली.

भगिनींनो, परक्या मुलखात जाऊन परक्याची सेवा करणे सोलापूरला नवे नाही. आपल्याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनला गेले, जखमींची सेवा करता करता तेथली भाषा शिकले आणि 1942 साली तेथेच कामी आले. दुखणाऱ्याला त्याच्या भाषेत विचारावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

मग आपल्या गावाकडे पाहू या. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू या चारही भाषा आपल्या गल्लीबोळांत बोलल्या जातात. विणकराच्या घरची तेलुगू बाई किंवा विड्या वळणारी बाई पोलीस चौकीत मोडक्या मराठीत काय सांगणार? तिलाही तो परमुलूखच.

यास्तव मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, आपल्या सभासदांपैकी कोणास कोणती भाषा येते याची यादी करावी, आणि गरज पडेल तेव्हा दोघींनी मिळून बाईसोबत चौकीत, दवाखान्यात जावे. पोलीस यंत्रणेतच स्त्रियांसाठी विशेष कक्ष असावा ही कल्पना मुंबईत 1984 साली टाटा समाजविज्ञान संस्थेने प्रत्यक्षात आणली. असे कक्ष आता आपल्या राज्यात ठिकठिकाणी आहेत. त्यांची आणि 181 या मदत क्रमांकाची माहिती मंडळाच्या फळ्यावर कायम असावी. दुसरी, मुलीचे परदेशी लग्न ठरवताना लग्नाची नोंदणी, मुलाच्या नोकरीची आणि परवान्याची चौकशी मुहूर्ताआधी करावी. तिच्या कागदांच्या प्रती माहेरी ठेवाव्या. परदेशी लग्नांतील तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगाचा स्वतंत्र कक्ष 2009 पासून आहे, हेही आयांना ठाऊक असावे.

तिसरी सूचना सर्वांत सोपी आणि सर्वांत अवघड. लेकीचा फोन आला आणि तिचा आवाज वेगळा वाटला, तर ‘सांभाळून घे, लोक काय म्हणतील’ हे पहिले वाक्य आपल्या तोंडून निघू नये. ‘तू बोल, मी ऐकते आहे’, एवढेच निघावे. साउथॉलला काय, न्यूयॉर्कला काय, त्या बायका अनोळखी लेकींना हेच सांगत आल्या. पोटच्या लेकीला ते सांगायला आपल्याला कोणत्या संस्थेची गरज?

 भाषांच्या यादीसाठी कोरी वही मी आणली आहे. चहाच्या वेळी ती फिरेल. पहिले नाव कोण लिहिते ते पाहू या.