संस्थाचालकाचं शिक्षण

सेवाभावी संस्थेच्या प्रमुखाच्या प्रशिक्षणावर खर्च करायचा विषय निघाला, की विश्वस्तांच्या कपाळावर आठ्या पडतात. माणूस प्रामाणिक आहे, तळमळीचा आहे, त्याला आणखी काय शिकवायचं, असा एकूण सूर असतो. त्यागाला शिक्षणाची गरज नाही, हीच आपली परंपरा, असंही वर ऐकवलं जातं. इतिहास मात्र याच्या उलट आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. स्वतःसाठी पैसा मिळवणार नाही, अशी शपथ सभासदाला घ्यावी लागे. म्हणजे त्यागाची परीक्षा दारातच व्हायची. तरीही त्यानंतर पाच वर्षांची उमेदवारी होतीच. या संस्थेने कामगार चळवळीला ना. म. जोशी दिले, आदिवासींच्या कामाला ठक्करबाप्पा दिले. १९१५मध्ये पन्नाशीही न गाठता गोखले गेले, तेव्हा श्रीनिवास शास्त्री अध्यक्ष झाले. ते १९०७पासून संस्थेत तयार होत होते. संस्थापकामागे संस्था टिकली, त्यात या तयारीचा वाटा मोठा होता.

आजचं चित्र पाहा. संस्थापक आजारी पडला, की चेकवर सही कुणाची, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहतो. देणगीदारांची ओळख त्याच्या फोनमध्ये आणि जुन्या ठरावांचा संदर्भ त्याच्या डोक्यात. विश्वस्त बदलले, तर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो, हेही अनेकांना ऑडिटरने विचारल्यावर कळतं. यात अप्रामाणिकपणा कुठेच नाही, पण नुकसान तर होतंच.

देणगीचा पैसा गरजूंसाठी असतो, हा आक्षेप रास्त आहे. २०२० साली परदेशी देणगीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली, त्यामागेही हीच शंका होती. हॉटेलात दोन दिवस स्लाइड दाखवून प्रमाणपत्र वाटण्याचे प्रकार पाहिले, की ती निराधार म्हणवत नाही. पण मला अभिप्रेत असलेल्या शिक्षणाला हॉटेल लागत नाही. दुसऱ्या फळीतल्या कार्यकर्तीला ताळेबंद वाचायला शिकवावं, विश्वस्तांच्या बैठकीत बसवावं, एक प्रकल्प पैशांच्या अधिकारासह तिच्यावर सोपवावा, वर्षातून काही दिवस दुसऱ्या संस्थेत पाठवावं. यात खर्च कमी आणि संस्थापकाच्या अहंकाराला त्रास जास्त, हीच बहुधा खरी अडचण असते.

शिकलेली माणसं जास्त पगारावर कंपन्यांच्या सीएसआर विभागात जातील, ही भीती खरी आहे. काही जातीलही. मात्र नुसती हरकामं करून कंटाळलेली माणसंही जातातच, आणि त्यांच्यामागे काम सांभाळू शकेल असं कुणी तयार झालेलं नसतं.