उतारवयातील वजन : काटा आणि फीत



भिवंडीत यंत्रमागापुढे उभे राहून ज्यांनी आयुष्य वेचले, ते उतारवयात घरी बसतात. ताटातला भात मात्र तेवढाच राहतो. स्नायू झिजतात, पोटावर चरबी साठते. काट्यावरचा आकडा कित्येकदा बदलतही नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे वजन उंचीच्या मानाने सारखेच होते. शरीरातील चरबी मात्र अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के, हे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणून काट्याबरोबर फीतही हवी. कमरेचा घेर पुरुषांचा ९०, स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. कडक उपासाने स्नायूही झिजतात. त्याऐवजी भात थोडा कमी, डाळ-उसळ थोडी अधिक व रोजचे चालणे आम्ही सुचवितो. प्रयत्नाविना वजन घटल्यास मात्र तपासणी अवश्य करावी.